बेडकाचा फोटो

मुलांनो, मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा एक छोटा देश आहे. तेथील जंगलात लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक राहतो. दिवसा तो पानाच्या खालच्या बाजूला चिकटून, डोळे मिटून झोपतो. रात्री तो जागा होतो. म्हणून त्याचा फोटो काढणारे लोक अंधार पडल्यावर विजेरी घेऊन निघतात.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर बेडकाला हात लावू नका. त्याची कातडी पातळ व ओलसर असते. तिच्यातूनच तो पाणी घेतो व श्वासही घेतो. आपल्या हाताला डासांचे मलम लागलेले असेल, तर तेही त्याच्या अंगात जाऊ शकते. बुटांच्या ओल्या चिखलातून बेडकांना मारणारी बुरशी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात पोहोचू शकते. म्हणून बूट धुऊन, वाळवूनच जंगलात पाऊल टाका.

याच देशात मोंतेवेर्दे येथील डोंगरावर सोनेरी बेडूक राहत असे. १९८९ नंतर तो कोणालाही दिसला नाही. आज तो फोटोतच पाहावा लागतो.

फोटो काढून आपण घरी परततो. बेडकाचे घर मात्र तेच जंगल असते. ते त्याच्यासाठी सुरक्षित राहिले पाहिजे.