वाळूखालची तळी आणि श्रमदानाचे हात

पुण्यात सिंहगड रोडवरचे पु. ल. देशपांडे उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारले आहे. अशा जपानी बागा जगातील अनेक देशांत आहेत. बाग उभी राहताना समारंभ होतो, पाहुणे येतात, फीत कापली जाते. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो : आता काळजी कोण घेणार?

जपानी बाग एकदा केली की झाले, असे नसते. पाइनच्या झाडाचे कोवळे कोंब वसंतात हाताने खुडावे लागतात. शरद ऋतूत जुन्या सुया काढून आतल्या फांद्यांपर्यंत उजेड पोचवावा लागतो. काही वर्षे हे चुकले की खालच्या फांद्या वाळतात, झाडाचा घडवलेला आकार जातो. शेवाळातले तण तर एकेक करून उपटायचे. पगारी माळी मोजके असतात, म्हणून बऱ्याच बागांत स्वयंसेवक येतात. नवख्याच्या हाती लगेच कात्री मिळत नाही. आधी झाडू, पाला आणि तण. (पहिल्याच दिवशी माईक मागणाऱ्या आपल्या मित्रांनी हे वाचावे!)

काळजी थांबली की काय होते, ते स्कॉटलंडमधील काउडनच्या बागेत दिसते. १९०८ मध्ये ताकी हांडा या जपानी स्त्रीने तिची रचना केली. पुढे तिथले जपानी माळी मात्सुओ १९३७ मध्ये वारले. १९६३ मध्ये काही मुलांनी चहागृह आणि पूल उद्ध्वस्त केले. बाग पुन्हा उभी राहायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

आम्हाला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटते ती अमेरिकेतील मांझानारची कहाणी. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकन सरकारने छावण्यांत कोंडले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. गुन्हा एकच, वंश. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यातील मांझानार छावणीत दहा हजारांवर माणसे होती. त्यांत अनेक जण व्यवसायाने माळी. जेवणासाठी भोजनगृहाबाहेर रांगेत ताटकळणाऱ्यांच्या डोळ्यांना काही बरे दिसावे, म्हणून त्यांनी तिथे दगड रचून तळी केली, झाडे लावली. कैदेत असलेल्या माणसाने बाग करावी, याला केवळ छंद म्हणणे आम्हाला पटत नाही.

१९४५ मध्ये छावणी बंद झाली. बराकी हटवल्या गेल्या, तळी वाळूखाली गेली. १९९२ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि त्यानंतर पुरातत्त्वज्ञांसोबत स्वयंसेवकांनी फावडी, ब्रश घेऊन त्या बागा उकरायला सुरुवात केली. दगड सापडतो, वाळू झाडली जाते, कडा मोकळी होते. या स्वयंसेवकांत छावणीत राहिलेल्यांच्या कुटुंबातले लोकही आहेत. आपल्याच घरच्या माणसाने रचलेला दगड ते वाळूतून बाहेर काढतात.