धर्म एक, भाषा वेगळी : बांगलादेशाकडून काय शिकावं?

संस्कृती राजकारणात शिरते कुठून? सण, गाणी, पोशाख यांतून, असं आपण चटकन म्हणतो. आम्हाला वाटतं, ती शिरते शाळेच्या आणि कचेरीच्या दारातून. मुस्लिमबहुल बांगलादेशाचंच उदाहरण घेऊ.

1947 साली पाकिस्तान झालं ते धर्माच्या पायावर. पण त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा होती बंगाली. 21 मार्च 1948 रोजी जिनांनी ढाक्यात सांगितलं, राज्यभाषा उर्दूच राहील. आता विचार करा, शिकलेला बंगाली मुसलमान मुलगा. नमाज तोच, देश तोच. पण नोकरीच्या परीक्षेत तो एकाएकी अडाणी ठरणार! मग भाषा ही नुसती आवड राहत नाही, पोटाचा प्रश्न होते. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला. 1956 च्या राज्यघटनेनं बंगालीलाही राज्यभाषा मानलं, पण अविश्वास गेला नाही. सैन्य, पैसा, सत्ता पश्चिमेकडेच. 1970 च्या निवडणुकीत बहुमत मिळवूनही अवामी लीगला सत्ता दिली नाही. 1971 मध्ये देश वेगळा झाला.

मग धर्म हरला का? तसंही नाही. 1972 च्या घटनेत धर्मनिरपेक्षता होती. 1988 मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. सामान्य माणूस बंगालीही असतो आणि मुसलमानही. 'आधी कोण ते सांग', हा हट्ट राजकारणाचा.

पण खरी कसोटी पुढेच आहे. त्याच 1972 च्या घटनेनं सर्व नागरिकांना 'बंगाली' म्हटलं. चितगावच्या डोंगराळ भागातले चकमा नेते मानवेंद्र नारायण लारमा यांनी घटना समितीत हरकत घेतली : आम्ही बांगलादेशाचे नागरिक, पण बंगाली नव्हे. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पुढे त्या डोंगरांत दोन दशकं सशस्त्र संघर्ष चालला. करार झाला 1997 मध्ये. काल ज्यांच्या भाषेला नकार मिळाला, त्यांनीच आज दुसऱ्याची ओळख नाकारली.

हे यवतमाळात का सांगायचं? पोडावरचं कोलाम मूल घरी कोलामी बोलतं, तांड्यावरचं गोरमाटी, कुठे गोंडी. पहिलीत ते गप्प बसलं की आपण त्याला 'मंद' म्हणून मोकळे होतो. आपली मराठी आपल्याला प्यारी आहे, असावीच. पण ती मोठी किती, हे त्या गप्प बसलेल्या मुलाला तिच्यात जागा मिळते का, यावरूनच ठरेल.