लढत (कुस्तीचा सराव)

लढत म्हणजे कुस्तीच्या तालमीत दोन मल्लांनी हार-जीत न मोजता केलेला झुंजीचा सराव होय. मावळ, मुळशी या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत आणि महाराष्ट्रात अन्यत्रही कुस्तीच्या शिक्षणात तिला मध्यवर्ती स्थान आहे. गावोगावच्या यात्रांत भरणाऱ्या आखाड्यांत प्रतिस्पर्ध्याला चीत करायचे असते. लढतीत मात्र स्वतः शिकताना जोडीदारालाही शिकू द्यायचे असते.

पूर्वतयारी

नवशिक्याला थेट लढतीस उतरवले जात नाही. प्रथम जोर व बैठका यांनी शरीर कमावले जाते. हौद्यातील लाल माती खोदणे हाही व्यायामच असतो. तेल, ताक, हळद इत्यादी मिसळून माती मऊ राखतात. त्यामुळे पडण्याचा आघात कमी होतो. त्यानंतर ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांसारखे डाव विरोध न करणाऱ्या जोडीदारावर घोटून घेतले जातात. प्रत्येक डावाचा प्रतिडावही शिकवला जातो.

पद्धत

वस्ताद वय, वजन व तयारी पाहून जोड ठरवतात. घामाने पकड निसटू नये म्हणून मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि खडाखडीने लढतीस प्रारंभ होतो. थोरला मल्ल लहानाशी खेळताना ताकद राखून वापरतो व त्याला डाव टाकण्याची संधी देतो. तोच पाठोपाठ अनेक लहान मल्लांशी खेळतो, तेव्हा त्याचा दमही वाढतो. सांधा पिरगळण्याची शक्यता दिसताच लढत सोडवली जाते, कारण गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या एका गंभीर दुखापतीने मल्लाची अनेक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

माती आणि गादी

मातीवरील पारंपरिक कुस्तीत चीतपटीला महत्त्व असते. गादीवरील फ्रीस्टाइल कुस्ती ३ मिनिटांच्या २ फेऱ्यांत गुणांवर खेळली जाते आणि १० गुणांची आघाडी मिळताच संपते. साहजिकच गादीवरील लढतीत वेग व गुणांचे भान यांवर भर द्यावा लागतो. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांना गादीचा पुरेसा सराव नव्हता. तरीही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. १९६१ पासून होणाऱ्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत आता माती व गादी असे दोन विभाग असून त्यांच्या विजेत्यांत अंतिम कुस्ती होते. म्हणून या किताबासाठी झटणाऱ्या मल्लाला दोन्हींवर लढतीचा सराव करावा लागतो.