ॲल्युमिनियम कापताना हळू जाणं महागात का पडतं?

टेबलावर मावणाऱ्या छोट्या मिलिंग मशीनवर लाकूड, ॲक्रिलिक मजेत कापलं, की पुढचा मोह ठरलेला : ॲल्युमिनियम. आणि इथेच कटर तुटायला लागतात. कार्बाइडचा कटर तुटला की खर्च तर होतोच, पण तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

धातू कापायचा म्हटलं की बहुतेक जण काय करतात? घाबरून फीड कमी करतात. फीड म्हणजे कटर जॉबमध्ये किती वेगाने पुढे सरकतो ते. स्पिंडल मात्र तसाच गरगरत असतो. आता हिशोब बघा. स्पिंडल १०,००० आरपीएम, कटर दोन दात्यांचा, फीड मिनिटाला ५० मिमी. ५० ला १०,००० ने भागा, मग २ ने. एका दात्याच्या वाट्याला येतात ०.००२५ मिमी, म्हणजे अडीच मायक्रॉन! आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

इतक्या पातळ थरात दात्याची धार घुसतच नाही, नुसती घासते. सुरी टोमॅटोवर न दाबता फिरवली तर फोड होत नाही ना, तसंच. घासलं की उष्णता वाढते. ॲल्युमिनियम मऊ, ते तापून धारेलाच चिकटतं. खाचा भरल्या की चिप्सना बाहेर पडायला जागा उरत नाही, आणि कटर खटकन तुटतो.

मग आरपीएम जास्त होते का? तेही बघू. ३ मिमीचा कटर १०,००० आरपीएमवर फिरला, तर धारेचा वेग होतो मिनिटाला साधारण ९४ मीटर. कार्बाइडला ॲल्युमिनियमवर दीडशे-दोनशे मीटर सहज झेपतात. म्हणजे दोष स्पिंडलचा नाही, फीडचा आहे.

उपाय काय? एकाच दात्याचा, कोटिंग नसलेला, ३ मिमीचा कार्बाइड कटर घ्या. फीड २०० मिमी ठेवा. आता दात्यामागे ०.०२ मिमी मिळतात, आठपट! चार दात्यांच्या कटरला एवढीच चिप द्यायची तर फीड ८०० लागेल, आणि तेवढा जोर छोट्या मशीनमध्ये नसतो.

मशीन थरथरली तर आधी खोली कमी करा, फीड नाही. एका फेरीत ०.१ ते ०.२ मिमी पुरे, फेऱ्या वाढवा. तरीही जमेना, तर आरपीएम आणि फीड दोन्ही एकाच प्रमाणात उतरवा. कटर सरळ खाली खुपसू नका, तिरका उतरवा. चिप्स सतत बाजूला काढा, पण हाताने नाही. रॉकेलचे दोन-चार थेंब चिकटणं कमी करतात. मात्र ब्रशवाल्या मोटारीत ठिणग्या पडतात, म्हणून ओतू नका.

गॉगल हवाच. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या कटरमध्ये अडकतात.

आणि चिप्सकडे बघा. सुट्या, चकचकीत तुकड्या पडत असतील तर गाडी रुळावर आहे. बारीक पावडर पडतेय आणि किंचाळल्यासारखा आवाज येतोय? लगेच थांबवा, कटर घासतोय.

तुमची सेटिंग्ज कळवा. भेटू पुढच्या भागात!