मुठीतलं माहेर

घर गेलं, गाव सुटलं, माणसं चार देशांत पांगली... निर्वासितांच्या हाती उरला तो मोबाइल!

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथी मंदिराजवळ एक जुनं घर आहे. तमिळ महाकवी सुब्रमण्य भारती अखेरच्या काळात इथं राहिले. १९२१ मध्ये त्यांचं निधन झालं. या कवीवरही परमुलखात आसरा शोधण्याची पाळी आली होती. इंग्रजांची अटक चुकवण्यासाठी १९०८ मध्ये ते फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत गेले, ते थेट १९१८ मध्ये परतले. तिथंही इंग्रजांचे हेर त्यांच्या टपालावर डोळा ठेवून असत. आसरा मिळाला, पण आवाज कोंडला!

पुढं तमिळनाडूच इतरांचा आसरा झाला. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या. तेव्हापासून तीन लाखांहून अधिक माणसं समुद्र ओलांडून इथं आली. बरीच परत गेली. तरी २०२१ मध्ये राज्यातल्या शंभरावर छावण्यांत सुमारे ५८ हजार जण राहत होते.

सुरुवातीच्या वर्षांत नातेवाइकांची खुशाली पत्रानं कळायची. नंतर आयएसडी बूथ आले. पण तिथं मीटरवरचे आकडे पळू लागले, की मनातलं बोलणं घशातच राहायचं. आता जाफन्यातली आजी, टोरांटोतला भाऊ आणि छावणीतली सून एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटतात. बारसं, लग्न, एवढंच काय, अंत्यदर्शनही फोनवरच! लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या आवाज रेकॉर्ड करून पाठवतात.

मात्र मोबाइल म्हणजे फक्त गप्पा नव्हेत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, मागं राहिलेल्या घराची कागदपत्रं यांचे फोटो त्यातच जपलेले असतात. मूळ कागद हरवला तर दाखवायला एवढाच पुरावा! २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या, तेव्हा एका खोलीत एक फोन आणि शिकणारी मुलं तीन, अशी ओढाताण गरिबाघरी झाली. छावण्या त्याला अपवाद कशा असतील?

अडचण सिमकार्डापासूनच सुरू होते. ते ओळखपत्राशिवाय मिळत नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात वेगळा कायदाही नाही. त्यामुळे म्यानमार वा अफगाणिस्तानातून आलेल्यांच्या हातातलं संयुक्त राष्ट्रांचं कार्ड प्रत्येक काउंटरवर चालेलच, याची खात्री नसते. मग दुसऱ्याच्या नावचं सिम घ्यायचं आणि ते कधी बंद पडेल, या धास्तीत राहायचं. नंबर गेला, की परदेशातल्या भावाला आपला ठावठिकाणा कळणार कसा?

म्हणूनच रात्री दिवा मालवण्यापूर्वी आई आधी फोन चार्जिंगला लावते. पहाटे समुद्रापलीकडून कुणाचा तरी फोन येईल, तेव्हा तो बंद असून कसं चालेल?