चला, दुचाकीवरून कोकणात!

पुण्याच्या बाईला दुचाकीचं अप्रूप सांगायला नको. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना आणली आणि कितीतरी गृहिणींनी सायकल सोडून तिचं हँडल धरलं. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला ना किक मारायची कटकट, ना गिअर बदलायची. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या शहरात बायका दुचाकीवरून बिनधास्त फिरताहेत.

पण मैत्रिणींनो, फिरताहेत म्हणजे कुठे? मंडई, मुलांची शाळा, गिरणी, बँक, दवाखान्यातल्या माणसाचा डबा. सगळे फेरे घराभोवतीचे आणि बहुतेक दुसऱ्या कुणासाठी. हीच गाडी वर्षातून एकदा, सात दिवसांसाठी, दोघांच्या आनंदासाठी बाहेर काढली तर? आपल्या दाराशीच कोकण आहे. ताम्हिणीनं उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं, आंबोलीनं वर चढून कोल्हापूरमार्गे घरी यायचं. जवळजवळ हजार किलोमीटरचा हा फेरा आहे. नीट आखला तर पन्नाशीच्या जोडप्यालाही झेपतो. न आखता निघालात तर मात्र तिसऱ्या दिवशी पाठ धरते आणि चौथ्या दिवशी भांडण होतं!

केव्हा निघायचं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा तेवढा टाळा, कारण तेव्हा किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भावही चढतात. पावसाळ्यात घाट कितीही हिरवे दिसले तरी ही सहल नको. ताम्हिणीत दरडी कोसळतात, खाडीतल्या फेऱ्या केव्हा बंद होतील सांगता येत नाही आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर एक लाभ आहे. बाणकोटजवळच्या वेळास गावी त्या सुमारास कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात.

गाडी कोणती?

मोठी, धडधडणारी मोटारसायकलच हवी असं मुळीच नाही. शंभर ते सव्वाशे सीसीची, नीट निगा राखलेली मोटारसायकल किंवा स्कूटर या रस्त्यांना पुरते. मात्र एक गोष्ट आधी बघा. तुमच्या परवान्यावर फक्त बिनगिअरच्या गाडीची नोंद असेल, तर यजमानांची मोटारसायकल तुम्हाला कायद्यानं चालवता येत नाही. अशा वेळी सरळ स्कूटर काढा, म्हणजे दोघं आलटूनपालटून चालवू शकाल. हे फार महत्त्वाचं आहे हो! सात दिवस एकानंच चालवायचं तर तो थकतो, आणि घाटात त्याला चक्कर आली किंवा ताप भरला तर दुसऱ्याला गाडी हाती घेता आली पाहिजे. मागे बसून सात दिवस नुसती पाठ बघण्यापेक्षा समोरचा समुद्र बघणं केव्हाही चांगलं.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी गाडी मेकॅनिककडे द्या. ऑइल बदलणं, ब्रेक, साखळी, दिवे, हॉर्न आणि टायर ही कामं तेव्हाच करून घ्या. आदल्या दिवशी दिलीत तर नवीन बसवलेलं काही ढिलं राहिलं हे वाटेतच कळायचं! मागे बसणारं माणूस आणि सामान असल्यावर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सीटखाली क्लचची एक जादा केबल, एक प्लग, दिव्याचा बल्ब आणि पंक्चरचं साहित्य ठेवा. कागदपत्रांत परवाना, गाडीचं नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी हवंच. विम्याची तारीख सहलीच्या मधेच संपत नाही ना, तेही बघा.

आणि एक रंगीत तालीम करा. एखाद्या रविवारी वाई-मेणवलीला जाऊन या. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर होतात. संध्याकाळी घरी आल्यावर काय दुखतं, कुठली पिशवी घसरते, कुणाला किती वेळानं चहा लागतो, सगळं कळतं.

दिवसांचा हिशेब

पुणेकरांची चूक होते ती इथेच. हायवेवर तासाला साठ किलोमीटर जाणारी माणसं कोकणातही तोच हिशेब धरतात. किनाऱ्याचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि चढउतारांचा. तिथे तासाला तीस धरा, म्हणजे घाई होणार नाही. सकाळी सातला निघायचं, दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामी पोचायचं. अंधारात गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

पहिला दिवस: पुणे, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. सुमारे १८० किलोमीटर. पेट्रोल पौड सोडायच्या आत भरून घ्या. घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा घरी फोन आधीच करा. श्रीवर्धन हे पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती फक्त ओहोटीला करायची. गावात विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नका, तिथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

दुसरा दिवस: बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ. पुन्हा फेरीबोट, धोपावे आणि गुहागर. सुमारे १०० किलोमीटर. दाभोळ-धोपावे ही गाड्या नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली आणि चिपळूणचा मोठा वळसा वाचला. फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. वाटेवरचं मुरूड महर्षी कर्व्यांचं. परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत हा मुलगा पायी चालत गेला होता, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही! पुढे त्यांनीच हिंगण्याला मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. आपण तर मऊ सीटवर बसून जाणार.

तिसरा दिवस: गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीनं जयगड, गणपतीपुळे, आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. सुमारे ९५ किलोमीटर. पुळ्याचा समुद्र दिसतो देखणा, पण पोहायला धोक्याचा. पाय भिजवा आणि मागे फिरा. शेजारीच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा, दोन्ही बघून होतात.

चौथा दिवस: पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. सुमारे १२५ किलोमीटर. हा दिवस लांबतो, म्हणून विजयदुर्ग उन्हं चढायच्या आत गाठायचा प्रयत्न करा.

पाचवा दिवस: देवगड ते मालवण, फक्त ५० किलोमीटर. हा विसाव्याचा दिवस. कपडे धुवा, गाडीच्या साखळीला तेल द्या, दुपारी झोपा. महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग सकाळच्या होडीनं बघा. आत शिवरायांचं देऊळ आहे.

सहावा दिवस: कुडाळ, सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर. सुमारे १९० किलोमीटर. वेंगुर्ल्याचा मोह आवरा, वेळ पुरत नाही. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं घ्या, पण पिशवीत मावतील एवढीच!

सातवा दिवस: अंबाबाईचं दर्शन घेऊन कऱ्हाड, सातारा, पुणे. सुमारे २३० किलोमीटर. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते. डावी बाजू सोडू नका आणि दर तासाला उतरून पाय मोकळे करा. घर जवळ आलं की हात सैल सुटतो, तेव्हा खंबाटकी घाटात विशेष सांभाळा.

पोशाख आणि बैठक

हेल्मेटवरून पुण्यात जेवढे वाद झाले तेवढे कशावरून झाले नसतील. पण या सहलीत वाद नको. दोघांनीही घालायचं. कायदाही मागे बसणाऱ्याला सूट देत नाही. केसांचा अंबाडा न घालता खाली सैल वेणी घाला, म्हणजे हेल्मेट नीट बसतं.

साडी नेसून एका बाजूला बसणं मंडईपुरतं ठीक. घाटाच्या वळणावर त्यानं गाडीचा तोल जातो. सलवार-कमीज किंवा पँट घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. ओढणी छातीशी गाठ मारून कुडत्याच्या आत खोचा, मोकळी सोडलेली ओढणी चाकात गुंतून गळ्याशी येते. मागच्या चाकावरची जाळी काढून टाकली असेल तर आधी बसवून घ्या. पायात सँडल नको, बंद बूट हवेत.

बोलणं वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. ओरडून सांगण्यानं निम्मी भांडणं होतात.

पिशवीत काय?

प्रत्येकी तीन जोड पुरेत. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. प्रत्येक गोष्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. खायला धपाटे, दशम्या, मेतकूट, भडंग आणि चिक्की घ्या. पहिल्या दोन दिवसांत दशम्या संपवा, पुढे भडंग टिकतं. क्षारसंजीवनीची पाकिटं, कापूस, पट्टी, पोट बिघडल्याची आणि तापाची औषधं, नेहमीच्या गोळ्या दहा दिवसांच्या. रोख पैसे दोन जागी ठेवा. मोबाइलवरून पैसे देणं सगळीकडे चालतं खरं, पण रेंज गेली की चहाचेही देता येत नाहीत.

जरा नाजूक, पण बोलायलाच हवं

वाटेत सोय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. उन्हात, हेल्मेटमध्ये, असं दोन दिवस केलं की लघवीची जळजळ ठरलेली. पाणी भरपूर प्या आणि थांबे आधी ठरवा. पेट्रोल पंप, तालुक्याचं एसटी स्टँड, देवस्थानाचा भक्तनिवास. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरू देणं ही त्यांची जबाबदारी असते, किल्ली मागायला लाजू नका. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान जवळच्या पिशवीत असू द्या, सगळ्यात खाली नको. खोली ठरवताना संडास कसा आहे, गरम पाणी मिळेल का, हे फोनवरच विचारा. कोकणातल्या घरगुती खाणावळी मोजून स्वयंपाक करतात, तेव्हा जेवणाचं सकाळीच कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी!

खर्च

दोघांचा ढोबळ हिशेब असा धरा. सहा रात्रींचा मुक्काम दोन हजारांप्रमाणे १२,००० रुपये, जेवणखाण सात दिवसांचं ७,०००, पेट्रोल २,५००, फेरी-होड्या-तिकिटं १,००० आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी राखीव ३,०००. एकूण २५,५००. राखीव रक्कम उरली तर ती पुढच्या सहलीच्या डब्यात टाका.

आणि मागचं घर?

खरी अडचण गाडीची नसते, रस्त्याचीही नसते. "सात दिवस घर कोण बघणार?" हा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर आपण कसं देतो? आठ दिवस आधीपासून राबून. लाडू करायचे, चटण्या कुटायच्या, फ्रीज भरायचा, आणि निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत ओट्याशी उभं राहायचं. सहलीला जायची जणू आगाऊ शिक्षाच! अशी दमलेली बाई पहाटे गाडीवर बसली तर ताम्हिणीतच पेंगते.

असं करू नका. महिनाभर आधी घरात सांगा. "जाऊ का?" असं विचारू नका, "अमुक तारखेला आम्ही जाणार आहोत, तुम्ही कोण काय बघाल?" असं बसून ठरवा. सासूबाईंच्या गोळ्या वाराप्रमाणे डब्यांत भरून ठेवा आणि त्या द्यायचं काम एका माणसाकडे सोपवा. दहावी-बारावीतल्या मुलाला कुकर लावता येतो. येत नसेल तर हा महिना त्याला शिकवायलाच आहे. पोळ्या बाहेरून येतील. दूधवाला, कामाच्या बाई, गॅसवाला, डॉक्टर आणि शेजारच्या काकू यांचे फोन एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. रोज संध्याकाळी एकदा फोन करा, पण "भाजी कुठली केली?" हे विचारू नका. जी केली ती केली!

सासूबाईंना मात्र आवर्जून एक विचारा. कोकणात त्यांचं कुलदैवत असेल, माहेरचं गाव असेल, तर तिथून काय आणायचं? कुणी वेळणेश्वराचा अंगारा मागेल, कुणी नुसती गावच्या विहिरीची चौकशी करायला सांगेल. त्यांनाही कधीतरी जायचं राहून गेलेलं असतं. त्यांचं एक काम तुमच्या पिशवीत असलं की घरी थांबणंही त्यांना जड जात नाही.

घर सात दिवस चालतं, बरं का. थोडं वेडंवाकडं चालतं, एखादं दूध उतू जातं, पण चालतं. तेव्हा या रविवारी कॅलेंडर काढा, नोव्हेंबरनंतरचा एक आठवडा लाल पेन्सिलीनं घेरा, आणि सोमवारी गाडीच्या विम्याची तारीख बघा. बाकीची तयारी त्यामागून आपोआप सुरू होते.