मोठा कार्ब की मापाचा कार्ब? मॉडिफाइड पद्मिनीचं गणित

आजचा भाग जरा पेट्रोलच्या वासाचा आहे. ऐकताना फोनचा कॅल्क्युलेटर उघडा ठेवा, पाच मिनिटांनी लागणार आहे.

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. घरात १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन रिबोअर झालंय, कॅम बदललाय, एक्झॉस्टला हेडर बसवलाय. आता मेकॅनिक म्हणतो, "दोन मोठे वेबर टाका साहेब, गाडी उडेल." टाकू का?

पद्मिनी म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली, पण घराघरांत अजून बऱ्याच आहेत आणि आपल्या वयाची मंडळी त्या पुन्हा रस्त्यावर आणतायत. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट देऊ. उत्तर आधीच सांगतो: माप काढा, मग कार्ब घ्या. बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्यापेक्षा लहान कार्ब लागतो.

कार्ब नेमकं करतो काय?

कार्बच्या आत एक नळी असते, मध्ये अरुंद. त्या अरुंद जागेला व्हेंच्युरी म्हणतात. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. बस, एवढंच. सेन्सर नाही, ईसीयू नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळा प्रोग्रॅम पितळेच्या भोकांमध्ये हार्डकोड केलेला आहे.

मोठ्या कार्बची गडबड इथेच होते. पेट्रोल खेचणारी ओढ हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. समजा २३ मिलिमीटरच्या व्हेंच्युरीऐवजी तुम्ही ३२ ची लावली. क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. इंजिन तेच, आरपीएम तेच, म्हणजे हवा तेवढीच. वेग निम्मा झाला आणि ओढ एक चतुर्थांशावर आली. सिग्नल सुटल्यावर तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता आणि गाडी आधी गुटमळते, मग झटका देऊन पळते, त्याचं कारण हे.

मग मेकॅनिक काय करतो? गुटमळणं घालवायला मोठा जेट टाकतो. गाडी गुटमळायची थांबते, पण मिश्रण जाड होतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, काही खाली ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. नुकतंच रिबोअर करून नवीन रिंगा टाकलेल्या इंजिनाला याहून वाईट काही नाही. रिबोअरवर केलेला खर्च असाच वाया जातो, आणि दोष मात्र "जुन्या गाड्या अशाच असतात" यावर जातो.

आता कॅल्क्युलेटर

ट्यूनिंग करणारे लोक एक जुनं सूत्र वापरतात. एका सिलिंडरचं आकारमान लिटरमध्ये घ्या. त्याला ज्या आरपीएमला इंजिन सर्वांत जास्त पॉवर देतं त्या आकड्याने गुणा. १००० ने भागा. वर्गमूळ काढा. २० ने गुणा. येईल तो व्हेंच्युरीचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

चार सिलिंडर असताना एकाच सिलिंडरचं आकारमान का? कारण चारही सिलिंडर एकदम श्वास घेत नाहीत. एकाचं झालं की दुसऱ्याचं, असं पाळीपाळीने चालतं. एक व्हेंच्युरी सगळ्यांना पुरते.

पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. एका सिलिंडरचे ०.२७२ लिटर. कंपनीच्या इंजिनाची पॉवर साधारण ५००० आरपीएमला. गणित केलं की येतं २३.३ मिलिमीटर.

आता १ मिलिमीटर रिबोअर करा. इंजिन होतं सुमारे ११२२ सीसी. तेच ५००० आरपीएम धरले तर उत्तर २३.७. म्हणजे एवढ्या कामानंतर फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! फक्त रिबोअर केलं असेल तर नवीन कार्ब घेऊच नका. आहे तो सोलेक्स नीट उघडून साफ करा, किट टाका, थ्रॉटलच्या स्पिंडलमधून हवा खात असेल तर बुश बदला.

कॅम बदलला असेल आणि इंजिन आता ६००० पर्यंत ताकद देत असेल, तर उत्तर येतं २५.९. म्हणजे २६ मिलिमीटर. कॅमने खरा फरक पाडला, पण तोही दोन-अडीच मिलिमीटरचा.

आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: तुम्ही ६००० ला गाडी नेता किती वेळा? शहरात आपण बहुतेक वेळ २००० ते ३००० मध्ये असतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या.

कार्बवरचा आकडा फसवतो

बाजारात लोक म्हणतात "३२/३६ वेबर", "४० चा साइड ड्राफ्ट". हे आकडे व्हेंच्युरीचे नाहीत, खालच्या थ्रॉटलच्या गोल पाकळीचे आहेत. ३२/३६ मध्ये आतल्या व्हेंच्युरी साधारण २६ आणि २७ च्या असतात. पहिली आधी उघडते, पॅडल बरंच दाबल्यावर दुसरी. म्हणून कॅम बदललेल्या पद्मिनीला हा प्रकार बसू शकतो: रोजच्या चालवण्यात २६ ची एकच नळी काम करते. पण हा कार्ब फोर्डच्या १६०० आणि २००० सीसीच्या गाड्यांवर गाजला. तिथले जेट तसेच ठेवून चालणार नाही.

आणखी एक घोळ: वेबरच्या माहितीपत्रकात व्हेंच्युरीलाच "चोक" म्हणतात. डॅशबोर्डवरून थंडीत ओढायचा चोक वेगळा. विकत घेताना हे स्पष्ट विचारा.

दोन साइड ड्राफ्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, हे ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला छानच. आवाजही भारी. पण चार नळ्या एकसारख्या जुळवाव्या लागतात, खास मॅनिफोल्ड बनवावं लागतं, आणि जुळवणारा माणूस जवळ हवा. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर हा हट्ट सोडा.

पंपावरचं पेट्रोल बदललंय

हा मुद्दा जुन्या पुस्तकांत सापडणार नाही. आता आपल्याकडे ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई२० ला येते सुमारे १३.५. नवीन गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बला काही कळत नाही. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला कार्ब ई२० वर सुमारे ९ टक्के पातळ मिश्रण देतो. इंजिन गरम, पिकअप सुस्त, सकाळी सुरू व्हायला त्रास.

उपाय सोपा आहे. जेटवरचा १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. ९ टक्के जास्त इंधन हवं तर क्षेत्रफळ ९ टक्के वाढवायचं, म्हणजे व्यास सुमारे ४ टक्के. १२० चा झाला १२५. एवढंच. म्हणून कार्ब निवडताना माझी पहिली अट ही: त्याचे जेट, गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्ह सहज मिळतात का? ज्याचे जेट मिळत नाहीत तो कार्ब कितीही देखणा असो, शोभेची वस्तू आहे. सोबत जुने रबरी पाइप बदलून इथेनॉल झेलणारे टाका. जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो.

बसवल्यावर काय पाहायचं?

क्रम चुकवू नका. आधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग. मग पेट्रोलचा दाब. अशा कार्बला साधारण ३ पीएसआय पुरतो. इलेक्ट्रिक पंप जास्त दाब देत असेल तर फ्लोटचा व्हॉल्व्ह हार मानतो आणि पेट्रोल वरून वाहतं. मग फ्लोटची पातळी. जेट सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच बदल. कोड डीबग करताना पाच ओळी एकदम बदलल्या तर काय होतं, माहितीये ना? तेच.

वीसेक किलोमीटर चालवून प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे छान. काळी काजळी म्हणजे जाड, पांढरा फटक म्हणजे पातळ. मग पीयूसी करा. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. पीयूसीवाल्याकडून पास-नापास ऐकून निघू नका, आकडा विचारा. कार्ब कसा जुळलाय ते इतक्या कमी पैशांत दुसरं कोणी सांगणार नाही.

तर प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, तुझ्या गाडीला २६ च्या आसपासची व्हेंच्युरी, जेट मिळतील असा कार्ब आणि शांत डोक्याचा मेकॅनिक, एवढं पुरे. दोन वेबरचे वाचलेले पैसे ब्रेकवर घाल. वेग वाढवलास तर थांबताही आलं पाहिजे.

तुमच्या गाडीचा बोअर, स्ट्रोक आणि आरपीएम घेऊन गणित करा आणि आलेलं माप मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हळू चालवा, मजेत राहा!